सीमाभागातल्या साथी आणि दवाखान्याची वाट

बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोवर आज लोक फिरायला जातात, पोरं क्रिकेट खेळतात. गेल्या शतकाच्या सुरुवातीला इथं देवीची लस तयार व्हायची. वासराच्या कातडीवर लस वाढवायची, ती खरवडून ग्लिसरीनमध्ये घोटायची आणि मुंबई इलाख्यात धाडायची. पुढे देवी टोचणारा सरकारी माणूस ती घेऊन गावोगाव फिरायचा. लोक दवाखान्यात येण्याची वाट न बघता लसच दारात न्यायची, ही रीत या भागाला तेव्हापासून ठाऊक आहे.

लोकांचा विश्वास मात्र सहजासहजी मिळाला नव्हता. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि रेल्वेबरोबर दक्षिणेकडे सरकला. 1897च्या साथरोग कायद्यानं सरकारला घरझडतीपासून सक्तीनं हलवण्यापर्यंत सगळे अधिकार दिले. लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहू लागले. हाफकिन यांची प्लेगची लस 1898 मध्ये शेजारच्या हुबळीत हजारोंना टोचली गेली, तरी धास्ती राहिलीच. 1918च्या इन्फ्लुएंझानं मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसं नेली. पाऊस नाही, धान्य नाही, घरातले सगळेच अंथरुणावर, अशा वेळी खेड्यात औषध नेणार तरी कोण?

गावांनी आपल्यापुरती शिस्त घालून घेतली होती. बेळगाव परिसरात आजही देवस्की पंच, म्हणजे गावदेवाची कामं बघणारे पंच, वार पाळणूक (पाळायचे वार) ठरवतात, गाऱ्हाणं घालतात आणि त्या वारी शेतीची कामं बंद ठेवतात. 2020 मध्ये कोरोनाच्या साथीत गावांनी वेशी बंद केल्या त्यामागे हीच जुनी सवय होती, असं मला वाटतं. आरोग्य खात्यानं या पंचांना सुरुवातीपासून हाताशी धरायला हवं होतं.

1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. हा भाग महाराष्ट्रात हवा, हा सीमाप्रश्न तेव्हापासून धगधगतो आहे, पण आजारी माणसाची वाट बदलली नाही. निपाणी, चिकोडीकडचे कोल्हापूर गाठतात. अथणी, कागवाडकडचे मिरजेला जातात, जिथं मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं. खानापूरकरांना बेळगाव किंवा गोवा. उलट महाराष्ट्रातल्या चंदगडची माणसं बेळगावला येतात.

25 मार्च 2020च्या टाळेबंदीनं नेमकी हीच वाट अडवली. पुढे फेब्रुवारी 2021 मध्ये महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्यांना आरटीपीसीआर या कोरोना चाचणीचा निगेटिव्ह अहवाल सक्तीचा झाला. निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर गाडी थांबली की कागद आधी, माणूस नंतर. कोल्हापुरात डायलिसिस असलेल्या रुग्णाला राज्याची हद्द म्हणजे काय, हे त्या नाक्यावर कळलं.

खेड्यात खरा आधार होता तो आशाताईंचा, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांचा. 2005च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमली गेली. ती गावातलीच असल्यानं खानापूरच्या वाडीवर ती मराठीत बोलते आणि वरून आलेलं कानडी परिपत्रक घरच्या भाषेत समजावते. ताप कुणाला, बाहेरून कोण आलं, कोण चाचणीला घाबरतं, सगळं तिलाच ठाऊक. त्याच आशांना 10 जुलै 2020 पासून 12,000 रुपये मानधन आणि संरक्षक साहित्य मागण्यासाठी राज्यभर काम बंद करावं लागलं, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यातली आमगाव, गवाळी, कृष्णापूर, तळेवाडी ही गावं तर आणखी दूर. डोंगरी भागात 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे, पण निकषात ओढे मोजलेले नाहीत. पावसाळ्यात आजाऱ्याला लाकडांना कांबळं बांधून खांद्यावरून आणावं लागतं. मे 2021 मध्ये 18 ते 44 वयोगटाला लसीसाठी कोविनवर नाव नोंदवायला सांगितलं. पोर्टल तेव्हा इंग्रजीत, आणि जंगलात मोबाईलला रेंज नाही. देवीच्या लसीच्या वेळची दारात जाण्याची रीत इथं मोडली.

2023 मध्ये महाराष्ट्रानं रुग्णालयात मोफत उपचार देणारी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटकानं त्याला विरोध केला. निपाणी, कागवाडच्या गरीब घरांना या योजनेनं मोठा दिलासा मिळू शकतो, म्हणून तो विरोध मला मान्य नाही. पण योजना रुग्णालयाच्या दारापासून सुरू होते. आमगावहून खानापूरपर्यंतच्या वाटेची सोय कर्नाटकालाच करावी लागेल, आणि नाक्यावर रुग्ण अडणार नाही याची हमी दोन्ही राज्यांना मिळून द्यावी लागेल. ती आधी लिहून ठेवायला हवी, साथ आल्यावर नव्हे.