अडतो तो सोडलेला श्वास

छातीभर श्वास घ्या, त्यातला थोडासाच सोडा आणि लगेच पुन्हा घ्या. असं तीन-चारदा केलंत की छाती ताठ होते, आत नव्या हवेला जागाच उरत नाही. सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा, रुग्ण जिन्याच्या मधल्या पायरीवर कठडा धरून उभा राहतो, तो याच अवस्थेत. "श्वास घेता येत नाही," असं तो म्हणतो. खरं तर त्याला आधीचा श्वास सोडता आलेला नसतो.

फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश असतात. त्यांच्या लवचीक भिंती बारीक श्वासनलिकांना चहूकडून ताणून उघड्या धरतात. वर्षानुवर्षं धूर गेला की या भिंती विरतात. नलिका सुजतात, बेडक्याने भरतात आणि श्वास सोडताना मिटतात. हवा आतच कोंडते. दम्यात हा अडथळा बराचसा येतो-जातो. इथे तो पुरता जात नाही.

निदान होतं फुंकरीवर. निरोगी माणूस जोरात फुंकला तर एकूण सोडलेल्या हवेपैकी साधारण पाऊण हवा पहिल्याच सेकंदात बाहेर पडते. नलिका रुंद करणारं औषध देऊनही हे प्रमाण 70 टक्क्यांखाली राहिलं, तर लक्षणांशी ताडून निदान होतं. या तपासणीचं नाव स्पायरोमेट्री. रक्तदाब आपण येता-जाता मोजून घेतो, ही फुंकर मात्र क्वचितच.

बिडी-सिगारेट हे कारण सगळ्यांना ठाऊक आहे. पण जन्मात बिडीला हात न लावलेल्या आजींनाही हा आजार होतो, कारण गोवऱ्या आणि सरपणाचा धूर त्यांनी चाळीस-चाळीस वर्षं गिळलेला असतो. चुलीची वर्षं कोणी विचारत नाही. 'म्हातारपणाचा दमा' म्हणून विषय संपतो.

विरलेल्या भिंती परत येत नाहीत. पण धूर थांबला की झीज मंदावते, अगदी साठीतही. औषधाचं म्हणाल तर 'पंपाची (इनहेलरची) सवय लागते' ही भीती घराघरात आहे. हिशेब उलटा आहे: नलिका रुंद करणाऱ्या साल्ब्युटामॉल या औषधाची एक गोळी 4 मिलीग्रॅमची, पंपाचा एक झोत 100 मायक्रोग्रॅमचा, म्हणजे चाळिसावा भाग, आणि तोही थेट नळीत. तंत्र मात्र जमायला हवं. स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी, लावला तर सोपं जातं. आणि धाप लागते म्हणून बसून राहू नये. पायांचे स्नायू ढिले पडले की तेवढ्याच चालीला जास्त धाप लागते.

धाप लागलीच, तर नाकाने दोन अंक मोजत श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून चार अंक सोडायचा. त्या दाबाने नलिका मिटत नाहीत, कोंडलेली हवा निघते. आजींना हे फार समजावावं लागत नाही. फुंकणी धरल्यासारखे ओठ करा म्हटलं की पुरतं. फक्त जोर लावायचा नाही, जाळ पेटवायचा नाहीये.