सरळ रांगेतल्या चाकांना वळायला कसे शिकवले

बेळगावात स्केटिंग म्हटले की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, शर्यत आणि लिंबो. ओळीने उभ्या केलेल्या मोटारींखालून, छाती जमिनीला लागेल इतके वाकून सुळकन निघून जाणाऱ्या इथल्या चिमुरड्यांच्या चित्रफिती देशोदेशी पाहिल्या गेल्या. त्यानंतर टिळकवाडीपासून वडगावपर्यंत कितीतरी घरांत मुलांच्या पायात स्केट आले. आता त्यांतली काही मुले छोट्या कोनांची, म्हणजे प्लास्टिकच्या शंकूंची, रांग मांडून त्यातून नागमोडी जाताना दिसतात. हे फ्रीस्टाईल स्लॅलम. पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "थोरल्याचे शर्यतीचे स्केट घरात पडून आहेत, तेच धाकट्याला चालतील की?"

ते चालत नाहीत. कारण समजून घ्यायचे तर अडीचशे वर्षे मागे जावे लागेल, कारण चाकांच्या स्केटचा सगळा इतिहास एकाच अडचणीभोवती फिरतो: वळायचे कसे?

जॉन जोसेफ मर्लिन हा मूळचा बेल्जियममधला कारागीर १७६०च्या दशकात लंडनमध्ये होता. चाकांचे बूट घालून, व्हायोलिन वाजवत तो एका मेजवानीत शिरला आणि समोरच्या भल्यामोठ्या आरशावर जाऊन आदळला, असे सांगतात. आरसा फुटला, व्हायोलिन मोडले, तोही जखमी झाला. त्या चाकांना ना थांबता येत होते ना वळता. पुढे १८१९ मध्ये पॅरिसच्या पेटिब्लेडने एका रांगेत चाके असलेल्या स्केटचे पेटंट घेतले आणि १८२३ मध्ये लंडनच्या रॉबर्ट जॉन टायर्सने पाच चाकांचा 'रोलिटो' काढला. टायर्सच्या स्केटची मधली चाके कडेच्या चाकांपेक्षा मोठी होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

वळणाचा प्रश्न त्या काळापुरता वेगळ्याच वाटेने सुटला. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने १८६३ मध्ये दोन पुढे, दोन मागे अशा चार चाकांच्या स्केटचे पेटंट घेतले. त्यात रबराच्या उशीवर डुलणारे आस होते. शरीर एका बाजूला कलले की चाके आपोआप त्या बाजूला वळत. त्या स्केटने पुढची शंभराहून अधिक वर्षे रिंकवर राज्य केले. आपल्याकडे जुन्या पिढीने बुटावर पट्ट्याने बांधून घातले ते याच वंशातले. 'रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडिया'ची स्थापना १९५५ मध्ये झाली तेव्हाही स्केट म्हणजे चार कोपऱ्यांना चार चाके, असेच समीकरण होते.

रांगेतली चाके परत आणली ती आइस हॉकीच्या खेळाडूंनी. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये स्कॉट आणि ब्रेनन ओल्सन या भावांना एका दुकानात जुना इनलाइन, म्हणजे एका रांगेत चाके असलेला, स्केट सापडला. उन्हाळ्यात बर्फ नसताना सराव कसा करायचा, ही त्यांची अडचण होती. त्यातूनच रोलरब्लेड ही स्केटची कंपनी उभी राहिली आणि नव्वदच्या दशकात इनलाइनची लाट आली.

पण लांब रांग म्हणजे सरळ धाव. पॅरिसमध्ये आयफेल टॉवरसमोरच्या त्रोकादेरोवर मुले जमिनीवर अडथळ्यांची रांग मांडून त्यातून पाय गुंफत जाऊ लागली, तेव्हा जुना प्रश्न पुन्हा समोर आला. 'स्लॅलम' हा शब्द नॉर्वेतून आलेला, मूळचा बर्फाच्या उतारावरचा. चाकांवर तो सपाट जमिनीवर उतरला. या मुलांना उत्तर सापडले ते जवळजवळ टायर्सचेच: कडेची दोन चाके मधल्या दोनांपेक्षा किंचित वर. याला रॉकर म्हणतात. आज स्लॅलमच्या स्केटला बहुधा ७६-८०-८०-७६ मिलिमीटरची चाके लावतात. व्यासात ४ मिलिमीटरचा फरक, म्हणजे कडेचे चाक जमिनीपासून जेमतेम २ मिलिमीटर वर. एवढ्या फटीने स्केट केळ्यासारखा डुलतो आणि जागच्या जागी फिरतो. मला या खेळातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

बाकीचे साहित्यही याच गरजेतून आले. बुटाखालची, चाके बसवायची फ्रेम आखूड, साधारण २३१ किंवा २४३ मिलिमीटर. बूट घोट्याच्या वरपर्यंत कडक आणि पायाला घट्ट, कारण कोनांमधून जाताना घोटा डळमळला की संपले. मागचा ब्रेक नाही, तो मागच्या पायात अडकेल. आता शर्यतीचा स्केट घ्या: बूट घोट्याखाली कापलेला, ११० मिलिमीटरची मोठी चाके आणि बरीच लांब फ्रेम. सरळ जाण्यासाठी घडवलेल्या वस्तूला वळायला लावले, तर दोष मुलाला कशाला द्यायचा?

कोनांचे अंतरही आता ठरलेले आहे. मुख्य रांग ८० सेंटिमीटरची, २० कोनांची. शैलीच्या स्पर्धेत तिच्याशेजारी ५० आणि १२० सेंटिमीटरच्या रांगा असतात. वेगाच्या प्रकारात एका पायावर सगळे २० कोन पार करायचे, पाडलेल्या प्रत्येक कोनामागे ०.२ सेकंदाची भर. पहिल्या ते शेवटच्या कोनातले अंतर १५.२ मीटर, आणि सुरुवातीच्या धावेसकट ते कापायला जगातल्या अव्वल खेळाडूंना चार-साडेचार सेकंद पुरतात. चीन आणि कोरियाने पुढे या खेळात मोठी मजल मारली. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्लॅलमचे प्रकार होते. भारताने तिथे रोलर स्केटिंगची दोन कांस्यपदके मिळवली, पण ती ३००० मीटर रिलेत. पदक शर्यतीत दिसले की पालक, प्रशिक्षक, पैसा सगळेच शर्यतीकडे वळतात. बेळगावातही तेच झाले आहे, आणि मला ते मनापासून खटकते. लवचीकपणा आणि तोल तर इथल्या मुलांच्या अंगात लिंबोमुळे आधीच मुरलेला आहे.

म्हणून नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी थोडे. लगेच महागडा स्लॅलम स्केट नको. चारही चाके सारखी असलेला साधा, घोट्याला आधार देणारा इनलाइन स्केट घ्या. वाढत्या वयाचे म्हणून दोन नंबर मोठा मात्र घेऊ नका, पाय आत हलला तर काहीच शिकता येत नाही. पहिले दोन-तीन महिने रॉकर नसलेल्या, सारख्या चाकांवरच दोन पायांनी नागमोडी जाणे जमवा. मग चाके झिजली की सर्वांत झिजलेली कडेला आणि कमी झिजलेली मधे लावा. फुकटचा रॉकर मिळतो. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड पहिल्या दिवसापासून हवेत, पडताना पहिला हातच टेकतो.

कोन विकत घेतलेच पाहिजेत असेही नाही. चहाचे कागदी कप उपडे ठेवा आणि शिंप्याकडच्या टेपने मोजून ८० सेंटिमीटरवर खडूच्या खुणा करा. जागा म्हणाल तर गुळगुळीत कोबा सर्वांत चांगला. शहाबादी फरशीच्या सांध्यांत छोटी चाके अडकतात आणि खडी उघडी पडलेला डांबरी रस्ता चाके खातो. इथला पावसाळा चार महिने मैदान बंद ठेवतो, तेव्हा मंगल कार्यालयाचे रिकामे सभागृह किंवा अपार्टमेंटचे तळघर शोधावे लागते. आणि पाऊस संपला की तांबड्या मातीचा धुरळा. तो बेअरिंगमध्ये गेला की चाक कुरकुरू लागते. हे ६०८ नंबरचे बेअरिंग, आतून ८ आणि बाहेरून २२ मिलिमीटरचे, यंत्रांमध्येही सर्रास वापरले जाते. उद्यमबागेत लेथवर काम करणारे एखादे काका ओळखीचे असतील तर त्यांना विचारा. ते उघडून, रॉकेलने धुऊन, थेंबभर तेल घालून परत कसे बसवायचे, हे ते दहा मिनिटांत शिकवतील.