रक्तक्षय आणि संसर्गजन्य आजारांची तीव्रता

न्यूमोनिया, मलेरिया, क्षयरोग किंवा सेप्सिस (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणे) झालेल्या रुग्णाच्या अंगात मुळातच रक्त कमी असेल, तर आजार गंभीर होण्याची, रुग्णालयातला मुक्काम लांबण्याची आणि मृत्यूचीही शक्यता अधिक असते. मात्र त्याचा सगळा दोष रक्तक्षयावर टाकता येत नाही. वार्धक्य, कुपोषण, मूत्रपिंडाचे जुने दुखणे, कर्करोग या कारणांनी हिमोग्लोबिनही घटते आणि संसर्गही जड जातो. शिवाय संसर्ग स्वतःच रक्त कमी करतो. त्यामुळे केसपेपरवरचा ‘एचबी’चा, म्हणजे हिमोग्लोबिनचा, आकडा कधी आजार बळावण्याचे कारण असतो, कधी नुसती खूण.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार हिमोग्लोबिन प्रति डेसिलिटर पुरुषांत 13, गर्भवती नसलेल्या स्त्रियांत 12 आणि गर्भवतींत 11 (मधल्या तिमाहीत 10.5) ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया आणि पाच वर्षांखालील सुमारे दोन तृतीयांश मुले रक्तक्षयग्रस्त आढळली. म्हणजे आपल्याकडच्या वॉर्डात तापाने आजारी स्त्री किंवा मूल येते ते बहुधा रक्तक्षय सोबत घेऊनच.

रक्तातला जवळजवळ सगळा प्राणवायू हिमोग्लोबिन वाहून नेते. हिमोग्लोबिन 14 ग्रॅम असताना 100 मिलिलिटर रक्तात सुमारे 18 मिलिलिटर प्राणवायू मावतो, तर 6 ग्रॅम असताना जेमतेम 8. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर मात्र अशा दोन्ही रुग्णांत 98 टक्के दाखवतो, कारण असलेल्या हिमोग्लोबिनपैकी किती भरले आहे एवढेच तो मोजतो. अशा रुग्णाचे ओठही सहसा निळे पडत नाहीत. एरवी हृदय जोराने धडधडून ही तूट भरून काढते. ताप, धाप आणि घसरलेला रक्तदाब एकत्र आले की ती सोय संपते.

संसर्गात शरीर लोह दडवून ठेवते. जंतूंनाही वाढायला लोह लागते, म्हणून दाह (संसर्गाविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया) सुरू झाला की यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक जास्त प्रमाणात सोडते. त्यामुळे आतड्यातून लोहाचे शोषण मंदावते आणि साठ्यातले लोहही बाहेर पडत नाही. कोठारात लोह असूनही लाल पेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेला मिळत नाही. लाल पेशींचे आयुष्यही या काळात घटते. अतिदक्षता विभागात यात तपासण्यांसाठी रोज काढल्या जाणाऱ्या रक्ताची भर पडते, आणि ही भर वाटते तितकी किरकोळ नसते. निदानही अवघड होते, कारण लोहसाठा दाखवणारे फेरिटिन दाहामुळे फुगते. म्हणून प्रौढांत लोहाची कमतरता ठरवताना एरवी लिटरमागे 15 मायक्रोग्रॅमची मर्यादा धरतात, संसर्ग असताना 70 ची.

मलेरियात परोपजीवी लाल पेशी फोडतोच, शिवाय प्लीहा (पाणथरी) धड पेशीही मोठ्या प्रमाणात काढून टाकते. बारा वर्षांखालील मुलाच्या रक्तात परोपजीवी सापडले आणि हिमोग्लोबिन 5 ग्रॅम किंवा त्याहून खाली गेले, की तो गंभीर मलेरिया धरला जातो. आफ्रिकेत अशा मुलांच्या रक्तात साल्मोनेलासारखे जंतूही शिरलेले आढळतात. गडचिरोली, नंदुरबार या भागांत सिकलसेल (लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होणारा आनुवंशिक आजार) हा वेगळाच धोका आहे. त्या रुग्णांची प्लीहा लहानपणीच निकामी होऊ शकत असल्याने न्यूमोकॉकससारख्या जंतूंचा संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो.

डेंग्यूत गोष्ट उलटी दिसते. रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो, रक्त दाट होते आणि हिमॅटोक्रिट (रक्तातील लाल पेशींचे टक्केवारीतले प्रमाण) वाढते. मूळ पातळीपेक्षा 20 टक्के वाढ हा धोक्याचा इशारा. रक्तक्षयामुळे एरवी 28 असणाऱ्या स्त्रीचे हिमॅटोक्रिट 34 झाले तर ती रेषा ओलांडली गेली, पण कागदावर 34 हा आकडा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. नातेवाईक ‘प्लेटलेट किती?’ एवढेच विचारत राहतात, आणि पुष्कळदा डॉक्टरही त्याच आकड्यामागे धावतात.

रक्त कमी तर रक्त चढवा, हा उपाय सरळ वाटतो. रुग्णांवरील तुलनात्मक चाचण्यांनी त्याला लगाम घातला. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासात अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेल्यावरच रक्त देणे हे 10 ची मर्यादा पाळण्याइतकेच सुरक्षित ठरले. 2014 मध्ये स्कँडिनेव्हियातील सेप्टिक शॉकच्या (सेप्सिसमुळे रक्तदाब धोकादायकरीत्या घसरलेल्या) रुग्णांतही 7 आणि 9 या मर्यादांत मृत्युदराचा लक्षणीय फरक दिसला नाही. हृदयविकाराच्या रुग्णांत मर्यादा थोडी वर ठेवतात. धाप लागलेल्या, ग्लानीत गेलेल्या, हिमोग्लोबिन फारच घटलेल्या मुलाला मात्र रक्ताची वाट पाहायला लावणे घातक ठरते.

लोहाच्या गोळ्यांबाबत अधिक सावध राहावे लागते. झांजिबारमधील पेंबा बेटावर मलेरियाग्रस्त भागातल्या लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक आम्ल दिले, तेव्हा गंभीर आजार आणि मृत्यू वाढले. हे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच अभ्यासाच्या एका भागात, ज्यांच्यात लोहाची कमतरता खरोखर होती त्या मुलांना फायदाही झाला. हा दुसरा भाग सांगायचा बहुधा राहून जातो. मलेरियाच्या भागात लोह द्यायचे तर मलेरियाचा प्रतिबंध आणि उपचार जोडीला हवेत, अशी आता शिफारस आहे. पोषण पुनर्वसन केंद्रात तीव्र कुपोषित मुलालाही सुरुवातीला लोह देत नाहीत. संसर्गावर उपचार होऊन भूक परतली आणि वजन वाढू लागले की सुरू करतात. रक्तात जंतू असताना शिरेतून लोह देणेही टाळले जाते.

पुढे ढकललेले हे लोह नंतर सुरू होतेच असे नाही. ताप उतरतो, घरी सोडण्याच्या कार्डावर प्रतिजैविकांचा उरलेला कोर्स लिहिला जातो आणि हिमोग्लोबिन कधी पुन्हा तपासायचे ते तसेच राहते. वास्तविक मलेरियामुळे तीव्र रक्तक्षय झालेल्या आफ्रिकी मुलांना घरी गेल्यावरही काही महिने पुन्हा दाखल होण्याचा आणि मृत्यूचा धोका राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये मलेरियाचा प्रसार मध्यम ते जास्त असलेल्या प्रदेशांत, तीव्र रक्तक्षयातून बऱ्या होऊन घरी जाणाऱ्या मुलांना ठरावीक अंतराने मलेरियाविरोधी औषधाचे पूर्ण डोस देण्याची शिफारस केली.