काचेचं कौल गळतं? सिलिकॉन फासू नका

थेंब पडतो तिथेच भोक, वरून सिलिकॉन किंवा डांबर फासलं की झालं, हा समज चुकीचा आहे. मंगळुरी कौलांच्या छपरात पाणी बऱ्याचदा वरच्या ओळीत शिरतं, वाशावरून ओघळतं आणि काचेच्या कौलापाशी टपकतं.

पाणी नेमकं कुठून शिरतं ते शोधायला कोरड्या दिवशी एकाने आत बॅटरी घेऊन थांबावं, दुसऱ्याने शिडीवरून नळीने पाणी सोडावं. सुरुवात खालच्या ओळीपासून, प्रत्येक ओळीला 5 ते 10 मिनिटं. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं, काही कळत नाही.

बहुतेकदा कौलाच्या कडेच्या खाचेत शेवाळ, पालापाचोळा अडकून पाणी तुंबतं. कौल उचलून खाच घासा, तडकलेलं बदला, कुजलेली रीप (कौलं टेकतात ती लाकडी पट्टी) नवी ठोका. सिलिकॉनने नेमकी हीच खाच बुजते आणि गळती वाढते.