जॉन वुड कँपबेल : विज्ञानकथेचे संपादन

जॉन वुड कँपबेल (८ जून १९१० – ११ जुलै १९७१) हे अमेरिकन विज्ञानकथालेखक आणि संपादक. ऑक्टोबर १९३७ मध्ये ते ‘अस्टाउंडिंग स्टोरीज’ या मासिकात रुजू झाले आणि अखेरपर्यंत, म्हणजे जवळपास चौतीस वर्षे, तिथेच राहिले. आयझॅक असिमॉव्ह, रॉबर्ट हाइनलाइन, थिओडोर स्टर्जन, ए. ई. व्हॅन व्होट ही नावे वाचकांपुढे ठसली ती याच मासिकातून.

जन्म न्यू जर्सीतल्या न्यूअर्कचा. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत (एमआयटी) शिकत असताना जर्मन भाषेत नापास झाल्यामुळे त्यांना ती संस्था सोडावी लागली. पदवी मिळाली ड्यूक विद्यापीठाची, भौतिकशास्त्रात. पहिली कथा जानेवारी १९३० मध्ये छापून आली. पत्नी डोना स्टुअर्ट यांच्या नावावरून घेतलेल्या ‘डॉन ए. स्टुअर्ट’ या टोपणनावाने त्यांनी जे लिहिले ते अधिक टिकले. ‘हू गोज देअर?’ ही अंटार्क्टिकावरची भीतिकथा ऑगस्ट १९३८ ची, आणि तिच्यावर पुढे १९५१ व १९८२ मध्ये चित्रपट निघाले. मात्र संपादकाची खुर्ची मिळाल्यावर त्यांचे स्वतःचे कथालेखन जवळजवळ थांबले.

सुरुवातीचे काही महिने आधीचे संपादक एफ. ऑर्लिन ट्रिमेन त्यांच्या वर होते. मे १९३८ मध्ये ट्रिमेन बाहेर पडले आणि पूर्ण कारभार कँपबेल यांच्याकडे आला. मार्चच्या अंकापासूनच मासिकाचे नाव ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ झाले होते. आलेली हस्तलिखिते ते स्वतः वाचत. मानधन शब्दाला एक सेंट, म्हणजे हाइनलाइन यांच्या पहिल्या, सात हजार शब्दांच्या कथेला सत्तर डॉलर. दर काही फार मोठा नव्हता, पण पैसे कथा स्वीकारताच मिळत. कथा छापून येईपर्यंत लेखकाला ताटकळत ठेवणाऱ्या मासिकांच्या तुलनेत हे आकर्षण मोठे होते.

‘साभार परत’ करण्याचीही त्यांची वेगळी तऱ्हा होती. असिमॉव्ह जून १९३८ मध्ये आपली पहिली कथा घेऊन स्वतः कार्यालयात गेले. कथा नाकारली गेली, पण सोबत दोन पानी पत्र आले, त्यात काय फसले ते नेमके लिहिलेले. कथेची सुरुवात जमत नसेल तर ती फार आधीपासून सुरू केली आहे असे समजावे आणि पुढचा एखादा क्षण पकडून पुन्हा लिहावे, हा त्यांचा सल्ला आजही कामाचा आहे. भविष्यातले यंत्र समजावून सांगणारी व्याख्याने त्यांना नको असत. त्या काळातल्या माणसाने आपल्याच काळातल्या मासिकासाठी लिहावी तशी कथा त्यांना हवी असे.

त्यांचे खरे हत्यार म्हणजे प्रश्न. मार्च १९४१ मध्ये त्यांनी असिमॉव्ह यांना अमेरिकन विचारवंत इमर्सनचे एक वाक्य वाचून दाखवले : तारे हजार वर्षांत एकदाच दिसले तर माणसे किती श्रद्धेने पाहतील! कँपबेल यांचे म्हणणे उलटे होते : माणसे वेडी होतील. त्यातून ‘नाइटफॉल’ लिहिली गेली. ती सप्टेंबरच्या अंकात आली आणि तिला शब्दाला सव्वा सेंटप्रमाणे दीडशे डॉलर मिळाले. पण शेवटाजवळ कँपबेल यांनी स्वतःचा एक परिच्छेद घुसवला. आकाश ताऱ्यांनी भरून जाते त्या क्षणी ‘पृथ्वीवरून दिसणाऱ्या छत्तीसशे ताऱ्यां’शी तुलना. वाक्ये देखणी आहेत, पण कथा दुसऱ्याच ग्रहावर घडते, आणि तिथल्या माणसांना पृथ्वी ठाऊकच नाही. ऐन मोक्याच्या जागी दृष्टिकोन तुटतो. पुढे समीक्षक नेमकी तीच ओळ वाखाणू लागले तेव्हा असिमॉव्ह वैतागत, आणि ते साहजिकच होते.

यंत्रमानवांनी कसे वागावे हे ठरवणाऱ्या, असिमॉव्ह यांच्या कथांतल्या तीन नियमांचे श्रेय असिमॉव्ह कँपबेलना देत. कँपबेल म्हणत, नियम तुमच्याच कथांत होते, मी फक्त वेगळे करून दाखवले. टॉम गॉडविन यांची ‘द कोल्ड इक्वेशन्स’ (ऑगस्ट १९५४) तर त्यांनी तीनदा परत पाठवली. मोजून इंधन भरलेल्या यानात चोरून शिरलेल्या मुलीला लेखक दर वेळी वाचवत होता; संपादकाला ती मेलेलीच हवी होती.

वाचकांचा कौल मोजण्यासाठी ‘अ‍ॅनालिटिकल लॅबोरेटरी’ हे सदर होते. पत्रांतून वाचक कथांना क्रमांक देत, त्यांची सरासरी काढली जाई. आकडा जितका लहान तितकी कथा वरची. अर्थात यात फक्त पत्र लिहिणारेच मोजले जात. १९४८ मध्ये एका वाचकाने पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबर अंकाचे परीक्षण आधीच लिहून पाठवले, कथांच्या आणि लेखकांच्या नावांसकट. कँपबेल यांनी ते पत्र छापले आणि वर्षभर गाजावाजा न करता लेखकांना गाठून अंक जमेल तितका तसाच जुळवला. नोव्हेंबर १९४९ च्या अंकात हाइनलाइन यांची ‘गल्फ’ आहे, आणि स्टर्जन, व्हॅन व्होट, डेल रे हेही आहेत.

मार्च १९४४ च्या अंकातल्या क्लीव्ह कार्टमिल यांच्या ‘डेडलाइन’मध्ये युरेनियम-२३५ च्या बाँबचे वर्णन होते, आणि त्यातले बरेचसे तपशील कँपबेल यांनीच लेखकाला पत्राने कळवलेले. अमेरिका तेव्हा गुप्तपणे असाच बाँब बनवत होती, त्यामुळे लष्करी गुप्तचर चौकशीला आले. ही माहिती युद्धापूर्वीच्या उघड नियतकालिकांतली आहे, आणि अशा कथा एकाएकी बंद केल्या तर शत्रूला उलट सुगावा लागेल, असे कँपबेल यांनी सांगितले.

वादात हार न मानण्याची हीच सवय पुढे मासिकाला महागात पडली. मे १९५० च्या अंकात त्यांनी एल. रॉन हबर्ड यांचा ‘डायनेटिक्स’ या तथाकथित मानसोपचारावरचा लेख छापला, त्यानंतर मनःशक्तीची यंत्रे, न्यूटनचे नियम मोडत असल्याचा दावा असलेले ‘डीन ड्राइव्ह’ हे यंत्र यांचा पुरस्कार केला. १९५० मध्येच निघालेले ‘गॅलक्सी’ हे दुसरे विज्ञानकथा मासिक शब्दाला किमान तीन सेंट देऊ लागल्यावर लेखकांनाही दुसरे दार मिळाले. परग्रहवासी माणसापेक्षा वरचढ ठरलेले कँपबेलना खपत नसत. तो वाद टाळायला असिमॉव्ह यांनी आपल्या ‘फाउंडेशन’ या कथामालेची अख्खी आकाशगंगाच मानवी ठेवली. या आग्रहाच्या मुळाशी वंशभेद होता, आणि संपादकीयांत तो उघड उतरे. १९६७ मध्ये सॅम्युअल डिलेनी यांची ‘नोव्हा’ ही कादंबरी त्यांनी नाकारली. कृष्णवर्णीय नायक आपल्या वाचकांना आपलासा वाटणार नाही, हे कारण दिले.

१९६० मध्ये मासिकाचे नाव ‘अ‍ॅनालॉग’ झाले. फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ ही कादंबरी इथेच क्रमशः आली. अंक आधीच जुळवलेले असल्याने कँपबेल यांच्या मृत्यूनंतरही डिसेंबर १९७१ पर्यंतचे अंक त्यांच्याच निवडीचे निघाले. मग संपादक म्हणून बेन बोव्हा आले. १९७३ पासून नवोदित लेखकांसाठीचा पुरस्कार कँपबेल यांच्या नावे दिला जाई. ऑगस्ट २०१९ मध्ये तो स्वीकारताना जेनेट इंग यांनी व्यासपीठावरूनच त्यांना फॅसिस्ट म्हटले, आणि त्याच महिन्यात पुरस्काराला त्यांच्या मासिकाचे जुने नाव देण्यात आले : ‘अस्टाउंडिंग’.