लैंगिक संप्रेरके आणि मेंदू

मुख्यतः अंडाशयात आणि वृषणात तयार होऊन रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या लैंगिक संप्रेरकांचा मेंदूच्या जडणघडणीवर, वर्तनावर आणि मनोविकारांवर होणारा परिणाम हा या नोंदीचा विषय आहे. इस्ट्राडायॉल, प्रोजेस्टेरॉन आणि टेस्टोस्टेरॉन ही यांतील प्रमुख संप्रेरके होत. ती अनुक्रमे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टोजेन आणि अँड्रोजेन या गटांत मोडतात. मराठी परिभाषेत या गटांसाठी स्त्रीमदजन, प्रगर्भरक्षी, पौरुषजन असे शब्द घडवले गेले. पण दवाखान्यात ते सहसा ऐकू येत नाहीत, म्हणून येथे रूढ नावेच वापरली आहेत. तिन्ही संप्रेरके स्त्री आणि पुरुष या दोघांच्याही शरीरात असतात. फरक असतो तो प्रमाणाचा आणि चढउतारांचा.

खोंड खच्ची केला की त्याचे अंगावर धावून येणे कमी होते आणि तो औताला जुंपता येतो, हे शेतकऱ्यांना शतकानुशतके ठाऊक आहे. वृत्तपत्रांतून वाचायला मिळणारे ‘मानसिक खच्चीकरण’ याच अनुभवातून आले असावे. हा बदल कशामुळे घडतो याचा पहिला प्रायोगिक पुरावा मात्र जर्मनीतील गटिंगन येथे आर्नोल्ड बर्टहोल्ड यांनी १८४९ मध्ये दिला. त्यांनी सहा कोवळ्या कोंबड्यांवर प्रयोग केले. ज्यांचे वृषण काढून टाकले ते गुबगुबीत व शांत झाले, त्यांचे तुरे वाढले नाहीत आणि त्यांनी बांगही दिली नाही. ज्यांच्या उदरपोकळीत वृषणाचे पुन्हा रोपण केले ते मात्र इतर कोंबड्यांसारखे आरवू, झुंजू आणि माद्यांच्या मागे लागू लागले. रोपण केलेल्या वृषणाचा जुन्या चेतातंतूंशी काहीही संबंध उरलेला नव्हता, त्यामुळे हा परिणाम रक्तावाटेच पोहोचत असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले. त्या काळात या निष्कर्षाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

पुढचे मोठे पाऊल १९५९ चे. कॅन्सस विद्यापीठातील विल्यम यंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाभण गिनीपिगांना टेस्टोस्टेरॉन दिले. त्यांच्या पोटी जन्मलेल्या माद्यांना मोठेपणी मादीची संप्रेरके टोचली तरी त्या मादीसारखे समागमवर्तन फारसे करीनात. यावरून संप्रेरकांचे दोन प्रकारचे परिणाम वेगळे ओळखले गेले: गर्भावस्थेत किंवा जन्माच्या सुमारास मेंदूची घडण कायमची ठरवणारे, आणि प्रौढपणी त्या घडलेल्या मेंदूला तात्पुरते चेतवणारे. पौगंडावस्था हाही घडणीचाच एक टप्पा असल्याचे आता मानले जाते.

संप्रेरके पेशीतील ग्राहींना, म्हणजे त्यांना ओळखणाऱ्या प्रथिनांना, चिकटून केंद्रकातील जनुकांचे काम कमीअधिक करतात. काही परिणाम मात्र काही मिनिटांतच दिसतात. मादी उंदराच्या चार-पाच दिवसांच्या ऋतुचक्रात हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागातील चेतापेशींवरील सूक्ष्म काटे इस्ट्राडायॉलच्या पातळीनुसार वाढतात आणि घटतात. प्रोजेस्टेरॉनपासून ॲलोप्रेग्नॅनोलोन हे द्रव्य बनते आणि ते मेंदूतील गाबा या शामक यंत्रणेवर काम करते. मद्य आणि डायझेपामसारख्या गोळ्याही याच यंत्रणेवर काम करतात.

‘हार्मोन्स बिघडलेत’ असे सर्रास म्हटले जाते, परंतु मासिक पाळीपूर्वी ज्या स्त्रियांना तीव्र चिडचिड, रडू येणे किंवा निराशा यांचा त्रास होतो, त्यांच्या रक्तातील संप्रेरकांची पातळी बहुधा इतर स्त्रियांइतकीच असते. त्रास खरा असतो आणि हातातला रिपोर्ट नॉर्मल असतो. या कोड्याची उकल अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील पीटर श्मिट, डेव्हिड रुबिनो व सहकाऱ्यांच्या १९९८ च्या प्रयोगाने बरीचशी केली. त्यांनी औषध देऊन अंडाशयाचे काम थांबवले तेव्हा अनेकींची लक्षणे ओसरली. मग इस्ट्राडायॉल किंवा प्रोजेस्टेरॉन नेहमीच्या मात्रेत परत दिले तेव्हा ती पुन्हा उफाळली. ज्यांना मुळात असा त्रास नव्हता त्यांच्यावर त्याच संप्रेरकांचा तसा काही परिणाम झाला नाही. दोष संप्रेरकाच्या प्रमाणात नसून त्याला प्रतिसाद देणाऱ्या मेंदूच्या संवेदनशीलतेत आहे, असा याचा अर्थ. या विकाराच्या तीव्र रूपाला अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात २०१३ मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले.

बाळंतपणानंतरच्या नैराश्याबाबतही हेच दिसते. गरोदरपणात खूप चढलेली इस्ट्राडायॉल आणि प्रोजेस्टेरॉनची पातळी प्रसूतीनंतर काही दिवसांतच कोसळते, आणि ती प्रत्येकच बाळंतिणीत कोसळते. २००० साली याच गटाने गरोदर नसलेल्या १६ स्त्रियांमध्ये औषधांनी असाच चढ आणि उतार घडवला. पूर्वी बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्या आठपैकी पाच जणींची मनःस्थिती ढासळली, उरलेल्या आठांपैकी एकीचीही नाही. ॲलोप्रेग्नॅनोलोनवर आधारित ब्रेक्सॅनोलोन या औषधाला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. ते शिरेवाटे सलग ६० तास द्यावे लागे; २०२४ च्या अखेरीस त्याची विक्री बंद झाली. तरीही सारा भार संप्रेरकांवर टाकता येत नाही. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयातील मातांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्यग्रस्त आढळल्या, आणि गरिबी, नवऱ्याची मारहाण व मुलगा हवा असताना मुलगी होणे यांचा त्या नैराश्याशी स्पष्ट संबंध दिसला.

स्किझोफ्रेनिया हा तीव्र मनोविकार पुरुषांमध्ये सरासरीने काही वर्षे आधी सुरू होतो आणि स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीच्या सुमारास त्याचा दुसरा, लहानसा चढ दिसतो. इस्ट्रोजेन काही अंशी संरक्षण देत असावे, या तर्कावरून मेलबर्न येथील मनोविकारतज्ज्ञ जयश्री कुलकर्णी यांनी नेहमीच्या औषधांना इस्ट्राडायॉलच्या पट्ट्यांची जोड देऊन चाचण्या घेतल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भ्रम आणि भास यांसारखी लक्षणे अधिक कमी झाल्याचे आढळले. स्तन व गर्भाशय यांच्यावरील संभाव्य दुष्परिणामांमुळे हा उपचार दीर्घकाळ देणे मात्र अवघड ठरते.

टेस्टोस्टेरॉन म्हणजे आक्रमकता, हे समीकरण लोकप्रिय आहे. माजावर आलेल्या हत्तीत ते कित्येक पटींनी वाढते, हे खरे. माणसात मात्र त्याची नेहमीच्या मर्यादेतील पातळी आणि आक्रमकता यांचा संबंध क्षीण आढळतो, आणि चुरशीच्या सामन्यापूर्वी किंवा जिंकल्यावर ते वाढते, म्हणजे वर्तनही संप्रेरकावर परिणाम करते. पुरःस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेटच्या) कर्करोगावरील उपचारात टेस्टोस्टेरॉन जवळजवळ शून्यावर आणले जाते. तेव्हा अनेक पुरुषांना थकवा आणि कामेच्छेचा अभाव जाणवतो, नैराश्याचा धोका वाढतो आणि रजोनिवृत्तीतील स्त्रियांसारख्याच अंगातून वाफाही येतात. यामागे टेस्टोस्टेरॉनइतकाच इस्ट्राडायॉलच्या तुटवड्याचाही हात असतो, कारण पुरुषाच्या शरीरातील बहुतेक इस्ट्राडायॉल टेस्टोस्टेरॉनपासूनच बनते.