जिमखाना : बनावट शब्दाची खरी गोष्ट

दवाखाना, तोफखाना, छापखाना यांच्या रांगेत 'जिमखाना' इतका चपखल बसतो की तो पेशव्यांच्या दफ्तरातही सापडेल असं वाटावं. प्रत्यक्षात शब्द इंग्रजांच्या काळातला आहे. 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली निघाला. त्याचे कर्ते यूल आणि बर्नेल यांनी हा शब्द सरळ बनावट ठरवला आहे. त्यांना सापडलेला सर्वांत जुना वापर रुडकीचा, १८६१ चा. शब्द घडला मात्र मुंबई इलाख्यात, असा त्यांचा कयास.

साहेबांच्या रॅकेट कोर्टाला हिंदुस्तानीत 'गेंदखाना' म्हणत. त्यातला गेंद गेला आणि जिम्नॅस्टिक्समधला 'जिम' येऊन बसला, अशी त्यांची उपपत्ती. ती पटण्यासारखी आहे, कारण जिमखान्यात कसरतीपेक्षा खेळच जास्त चालत. लॉन टेनिस, स्केटिंग आणि छावणीतल्या गोऱ्यांच्या संध्याकाळच्या गाठीभेटी असा सगळा मामला.

शब्दाला खरं वजन आलं ते मुंबईत. १८७५ साली बॉम्बे जिमखाना निघाला, फक्त युरोपियनांसाठी. मग बाकीच्यांनी आपापले काढले: पारशी जिमखाना १८८५, इस्लाम जिमखाना १८९२, हिंदू जिमखाना १८९४. मरीन ड्राइव्हवरून जाताना हे तिन्ही आजही ओळीने दिसतात. व्यायामाच्या नावाखाली जातवार आणि धर्मवार मंडळं उभी राहिली, हे स्पष्टच म्हणायला हवं. क्रिकेटचे चौरंगी (चार संघांचे) आणि पंचरंगी (पाच संघांचे) सामने याच वाटणीवर रंगले आणि १९४६ पर्यंत चालले.

या वाटणीच्या आतही आणखी एक वाटणी होती. पुण्यात गोऱ्यांच्या पूना क्लबमध्ये पाळवणकर बाळू मैदानाची देखभाल करत आणि गोऱ्या फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकत. पुढे हिंदूंच्या संघाला हा डावखुरा फिरकी गोलंदाज हवा होता, पण तो दलित. मैदानावर चेंडू एकच, चहा मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. संघाचं कर्णधारपद बाळूला कधीच मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

भारतातली पहिली कसोटी डिसेंबर १९३३ मध्ये झाली तीही बॉम्बे जिमखान्यावरच. लाला अमरनाथ यांनी तिथे ११८ धावा काढल्या, त्या वेळी त्या क्लबचं सभासदत्व भारतीयांना बंद होतं!

पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू गेले. पुढे संस्थेचं नाव आसपासच्या वस्तीला चिकटलं, आणि बसमध्ये आता नुसतं 'एक डेक्कन' म्हटलं की भागतं.

इंग्लंडात शब्द गेला तो घोड्यावर बसून. तिकडे जिमखाना म्हणजे तट्टांवरच्या मुलामुलींच्या शर्यती. आपल्याकडे कॉलेजात कॅरम बोर्ड मागायला जातात ती खोली जिमखाना, आणि प्रवेशाच्या पावतीवर त्याची वेगळी फी.